रिकाम्या घराचा होकार

जेवण उरकून दिपिका कॉम्प्युटरसमोर बसते न बसते तोच हरेश्वरकाकांचा फोन आला. हॅलो वगैरे म्हणायची काकांना सवय नव्हती.

"काल आली नाय गो तू?"

दिपिका गोंधळली. काल सर्वपित्री अमावास्या. ती दूध आणायलासुद्धा खाली उतरली नव्हती.

"कुठं यायचं होतं काका?"

"कुठं म्हंजे? उघाडीवर. मी वाट बघत बसलो. मग म्हनलं, गोखिवऱ्यातनं यायचं, रस्त्यात अडकली आसंल."

"पण मी येते असं म्हटलंच नव्हतं हो."

फोन कट झाला की काय, म्हणून तिनं कानापासून काढून पाहिला. मग काका हळूच म्हणाले, "बरां. शेतात पानी शिरला, तां सांगाया फोन केलता." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

हे हरेश्वरकाका म्हणजे सख्खे काका नव्हेत. गास गावाच्याही पुढं, खाडीच्या बांधाला लागून एक बारकी आळी आहे, तिच्या शेवटच्या घरातले. पहिलं घर दिपिकाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, आत्मारामचं होतं. आता तिथं पत्र्याचं कुंपण आहे आणि आत पुरुषभर गवत. मधली घरंही अशीच गेली. कुणी वसईला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी थेट दुबईला. जमिनी विकल्या, फ्लॅट घेतले, बाल्कनीत कुंड्या ठेवल्या आणि आपण अजून शेतकरीच आहोत असं लग्नाकार्यात सांगत राहिले. आळीत भात लावणारा आता हरेश्वर एकटा. त्याची बायको जिजा गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी लांब दिली आहे, ती गणपतीला येते आणि आईच्या फोटोला हार घालून जाते.

खाडीकाठच्या शेतीचा जीव बांधात असतो आणि बांधाचा जीव उघाडीत. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते उघडं ठेवायचं, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत जातं. भरती चढू लागली की फळी खाली सोडायची, नाहीतर खारं पाणी आत येतं आणि कणसात आलेलं भात उभ्या उभ्या करपतं. भरतीची वेळ कॅलेंडरात असते, मोबाइलवरही असते, पण खाडी काही कॅलेंडर बघून चढत नाही. वारा फिरला, वरून पाणी सुटलं की ती आपल्या मर्जीनं येते. म्हणून पूर्वी उघाडीवर माणूस बसवत. पुढं आत्मारामनं त्यावर तोड काढली.

आत्माराम गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मापाची यंत्रं दुरुस्त करायचा. आळीतला एकटाच नोकरदार, त्यामुळं शेतात त्याचा उपयोग शून्य, असं सगळे त्याला चिडवत. त्यानं काय केलं, भंगारात निघालेल्या यंत्रांतून एक पेटी बनवली आणि उघाडीजवळच्या पंपाच्या खोलीत बसवली. खोलीतून तारेनं पाण्यात सोडलेला एक तरंगता डबा. डबा वर चढला की पेटी जागी होई आणि तारेवरून पहिल्या घरात बेल वाजवी. त्या घरानं बटण दाबलं की समजायचं, त्यांनी 'जातो' म्हटलं. नाही दाबलं तर थोडं थांबून दुसरं घर, मग तिसरं, असं शेवटपर्यंत. पेटीवर प्रत्येक घराचा एक दिवा, खाली रंगानं लिहिलेलं नाव. कुणी 'जातो' म्हटलं की त्याचा दिवा हिरवा, मग बाकीच्यांनी खुशाल झोपावं. एकदा हिरवा दिवा लागला आणि माणूस गेलाच नाही, असं आळीत कधी झालं नाही. त्यावरून भांडणं झाली असती, आणि भांडायला आळीत माणसं भरपूर होती.

प्रत्येक घराचं पेटीत एक कार्ड असायचं, म्हणजे त्या घराची तार जोडायची सर्किटची पट्टी. घर उठलं की आत्माराम त्या घराचं कार्ड काढून घेई. शेवटी स्वतःचंही काढलं, खिशात घातलं आणि बायको-मुलीसह गोखिवऱ्याला फ्लॅटवर राहायला आला. ते कार्ड अजून शोकेसमध्ये आहे. आत्माराम नाही, आईही नाही. दिपिका आहे.

दिपिकाचं काम आळीत कुणाला कळलं नसतं. सोसायटीतही कळत नाही, म्हणून ती 'कॉम्प्युटरचं' एवढंच सांगते. ती जुन्या यंत्रांची सोंगं बनवते. मूळ यंत्र मरतं, पण त्यावर चालणारा प्रोग्राम अजून हवा असतो. मग नव्या कॉम्प्युटरवर असं सोंग उभं करायचं की त्या प्रोग्रामला वाटावं, आपण जुन्याच घरी आहोत. याला एम्युलेटर म्हणतात. परदेशातल्या एका कंपनीसाठी ती हे घरबसल्या करते. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. दिवसभरात तिच्या दाराची बेल वाजवणारा एकच, पार्सलवाला, आणि तोही शेजाऱ्यांचं पार्सल ठेवून घ्याल का म्हणून विचारायला.

गणपतीनंतर काकांचा फोन आला होता, "आत्मारामची पेटी मेली." खाऱ्या हवेनं आतलं सगळं खाल्लं होतं. दिपिकानं ठरवलं असतं तर चार ओळींचा नवा प्रोग्राम लिहून एका दुपारी काम संपवलं असतं. पण पेटीतली चिप घरी आणून तिच्यातला वडिलांचा प्रोग्राम वाचून काढल्यावर तिला तसं करवेना. कुठं काय आधी विचारायचं, किती थांबायचं, एखाद्या घरी म्हातारं माणूस एकटं असेल तर त्याला बटणापर्यंत पोचायला जास्त वेळ द्यायचा, सगळं त्यात होतं. बाबांच्या हातचं आता एवढंच उरलं होतं. ते चाललं पाहिजे, असं तिला फार वाटलं. म्हणून तिनं जुन्या पेटीचं सोंग लिहिलं आणि हाताच्या पंजाएवढ्या नव्या बोर्डावर बाबांचा प्रोग्राम त्यात राहायला ठेवला.

घरी टेबलावर तिनं तो चालवून पाहिला. त्यासाठी पेटीला घरं लागतात, ती तिनं कॉम्प्युटरातच बनवली. बनवताना आळी जशी तिला आठवत होती तशीच बनवली, सगळी घरं भरलेली. कुठल्या घरात बेल वाजल्याबरोबर झडप घालणारी पोरं होती, कुठं सासू सुनेला ओरडून सांगायची, तेसुद्धा तिनं वेळेच्या हिशोबानं बसवलं. बाबांच्या प्रोग्रामनं एकेका घराला हाक मारली, एकेक घर ओ देत गेलं. दिपिका एकटीच टेबलाशी हसत बसली. इतकं छान तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

चूक तिथंच झाली. खरी आळी तिनं तपासलीच नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी ती रिक्षानं आळीत गेली, जुन्या पेटीच्या पोटात नवा बोर्ड बसवला आणि तारा जोडल्या. कार्ड एकच उरलं होतं, हरेश्वरकाकांचं. पण नवा बोर्ड सुरू केल्याबरोबर लॅपटॉपच्या पडद्यावर सूचनांची रांग लागली, या पत्त्यावर कोणी नाही, या पत्त्यावर कोणी नाही. प्रोग्राम एकेका घराचा पत्ता विचारत होता आणि सोंग आपलं इमानानं सांगत होतं. पडदा भरून वाहू लागला, तिला हवं ते दिसेना. तिनं वैतागून त्या सूचना बंद केल्या. रोजच्या कामातही ती करायची तसंच.

मग तिनं तरंगता डबा हातानं उचलला. पहिल्या घराचा दिवा हिरवा झाला. खाली बाबांच्या हातची अक्षरं, आत्माराम.

तिला एकदम भरून आलं. तिनं मोबाइलवर त्या दिव्याचा फोटो काढला. शेजारी काका उभे होते. ते दिव्याकडं बघत राहिले, मग तिच्याकडं बघितलं, मग धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "चा घेशील?" बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, कंपनीची मीटिंग होती. ती निघाली. दिवा लागला म्हणजे पेटी चालली, इतकंच तिच्या डोक्यात होतं. 'जातो' कोणी म्हटलं, हे तिनं विचारलं नाही.

आता फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. पानी शिरला, तां सांगाया फोन केलता. तिनं मीटिंगला येत नाही म्हणून कळवलं, लॅपटॉप पाठीवर मारला आणि खाली येऊन रिक्षा पकडली.

आळीत पोचली तेव्हा ओहोटी लागली होती. काका ओट्यावर बसले होते. गुडघ्याला तेल लावलेलं होतं, त्याचा वास येत होता. त्यांनी 'ये' म्हटलं नाही, पण सरकून जागा केली.

"बघून आली शेत?"

ती येताना बांधावरूनच आली होती. कणसं धरलेलं भात गुडघाभर पाण्यात उभं होतं. वरून पाहिलं तर काही झालंय असं वाटू नये, इतकं हिरवं. पण ती शेतकऱ्याच्या आळीत वाढलेली होती. पात्यांची टोकं लाल पडायला दोन-चार दिवस लागतात, हे तिला माहीत होतं.

"पाऊस पडला तर खार धुऊन निघेल काका."

"पडला तर."

मग काकांनीच सांगितलं. काल दुपारी पित्रांचं पान वाढून, कावळ्याला ठेवून ते उघाडीकडं चक्कर मारायला गेले. पाणी चढू लागलं होतं. पंपाच्या खोलीत बघतात तर दिवा हिरवा. आत्मारामच्या घराचा.

"मना वाटलां, तू गोखिवऱ्याच्या घरी बटन लावून घेतलंस. बापासारखां. आदल्या दिवशी तूच दाखवलंस ना दिवा? मी मनात म्हनलं, आत्मारामची पोर जाते म्हनली. येतेय. मग मी परत आलो. इथंच बसलो. वरनच्या वाटेनं रिक्षा दिसते का बघत. खीर केलेली, म्हनलं उघाडी पाडून येल तवा इथंच जेवंल."

"स्वतः का नाही पाडलीत हो फळी? तिथंच तर होता."

"दिवा लागलेला गो," काका म्हणाले. लहान मुलाला समजवावं तसं. "एकानं जातो म्हनलं का दुसऱ्यानं हात लावायचा नाय. त्याचा अपमान व्हतो."

आळीचा हा रिवाज तिला ठाऊक होता. लहानपणी एकदा कुणीतरी दुसऱ्याच्या पाळीला फळी सोडली होती, तर दोन घरं होळीपर्यंत बोलत नव्हती. ज्या रिवाजावर सगळी आळी निर्धास्त झोपायची, त्यानंच काल एकट्या माणसाला ओट्यावर बसवून ठेवलं.

"मग उशीर व्हया लागला तवा उठलो. पन हा गुडगा." त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "पोचेस्तवर पानी आत."

ती उठली आणि पंपाच्या खोलीत गेली. मागून काका आले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. तिनं लॅपटॉप जोडला आणि बंद केलेल्या सूचना पुन्हा चालू केल्या. डबा उचलला. या पत्त्यावर कोणी नाही, सोंगानं सांगितलं. आणि त्याच क्षणी पहिला दिवा हिरवा झाला.

आता सगळं तिच्या लक्षात आलं, आणि इतकं साधं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी. जुन्या पेटीत सगळ्या कार्डांना जोडणारी तारांची एक सामाईक वाट होती. कार्डच नसलेल्या घराला हाक मारली तर त्या वाटेवर कुणीच काही बोलत नसे. बाबांनी तारा अशा बांधल्या होत्या की कुणी खाली ओढल्याशिवाय त्या आपोआप वरच राहत. सगळे एकचे आकडे. बाबांचा प्रोग्राम ते बघून समजायचा, हे घर उठलं, पुढं चला. कार्ड असलं की एक तार खाली असायची, आणि बटण दाबलं की सगळ्या खाली यायच्या, म्हणजे शून्य. शून्याचा अर्थ, जातो.

आणि दिपिकाच्या सोंगात कोणी नसलेल्या पत्त्यावर काय उत्तर द्यायचं? शून्य. तिनंच तसं लिहिलं होतं. कोणी नाही म्हणजे काही नाही, काही नाही म्हणजे शून्य, यात विचार करण्यासारखं काय आहे? कामावर यावरून वाद चालत. कुणी म्हणे शून्य द्या, कुणी म्हणे सगळे एक द्या, कुणी म्हणे प्रोग्राम तिथंच पाडा आणि बोंब मारा. ती कॅमेरा बंद ठेवून ऐकायची आणि तिला वाटायचं, रिकाम्या जागेवरून किती हे भांडतात. रिकामी जागा काय बोलते, यानं कुणाचं काय बिघडणार आहे!

तिच्या वडिलांचं घर, जे पाडून तिथं गवत माजलं होतं, ते काल भर दुपारी 'जातो' म्हणालं होतं. आणि ते म्हणाल्यावर पेटीनं पुढं कुणालाच हाक मारली नाही. हरेश्वरच्या घरातली बेल वाजलीच नाही.

"काका," ती म्हणाली. वळून बघायचा तिला धीर होईना. "मी घरी बटण लावलेलं नाही. मी म्हटलंच नव्हतं येते. माझ्या हातून चूक झाली. तिथं कोणीच नव्हतं, आणि माझ्या यंत्रानं कोणीतरी हो म्हटल्यासारखं दाखवलं."

बाहेर उघाडीतून शेतातलं पाणी खाडीत पडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मंग मी वाट कोनाची बघत व्हतो?"

ते ओरडले असते, पोरी माझ्या शेताची वाट लावलीस म्हणाले असते, तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त विचारत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. शून्याच्या जागी सगळे एक. पण ती ओळ बदलण्याआधी तिनं पहिल्या दिव्याकडं आणखी एकदा पाहिलं. शोकेसमधलं कार्ड आणून खाचेत बसवता येईल, इंटरनेटवरून गोखिवऱ्याला बटण लावता येईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. आणि मग? भरतीच्या वेळी बेल वाजेल, ती बटण दाबेल, वसईच्या पुलावर रिक्षात अडकून बसेल आणि पाणी तिची वाट बघणार नाही. काका बघतील. तिनं ओळ बदलली. हिरवा दिवा विझला. बाबांचं नाव नुसतंच रंगात उरलं.

"आता पुढच्या उधाणाला मी नक्की—"

"येते म्हनू नको," काका मध्येच म्हणाले. रागानं नाही. "यायचं तवा ये. कवापन ये, मी हायेच. पन येते म्हनून सांगू नको."

तिनं मान हलवली.

"आता बघू या का?" डब्याकडं हात नेत तिनंच विचारलं.

"बघ."

तिनं डबा उचलून धरला. पडद्यावर एकेक ओळ येत गेली. पहिलं घर, कोणी नाही. दुसरं, कोणी नाही. पेटी कुठंही न थांबता, कुणाची वाट न बघता पुढं जात राहिली. एका बाजूनं लिहिलेली सगळी नावं अंधारात राहिली. सगळी आळी संपायला काही वेळच लागला नाही. मग शेवटच्या नावावरचा दिवा लुकलुकू लागला, आणि आळीच्या त्या टोकाला, रिकाम्या घरांच्या पलीकडं, हरेश्वरच्या घरात बेल वाजायला लागली.

जुनी, घोगरी बेल. गवतावरून, पत्र्यांवरून तिचा आवाज स्वच्छ येत होता. डबा न सोडता दिपिका दारात काकांच्या शेजारी येऊन उभी राहिली. घरात कोणी नव्हतं, असणार कोण? घरचा माणूस इथं उभा होता. बाबांनी एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी ठेवलेला जास्तीचा वेळ चालू होता. बेल वाजत राहिली.

दिपिकाला ते ऐकवेना. डबा खाली सोडला की ती थांबली असती.

"बंद करू का काका?"

हरेश्वरकाकांनी घराकडची नजर काढली नाही. एक हात चौकटीवर, दुसरा गुडघ्यावर.

"राहू दे गो," ते म्हणाले. "वाजू दे जरा. मनाच बोलवते ना ती."

तिनं डबा तसाच धरून ठेवला. हात भरून आला तरी धरून ठेवला.